अव्वाची बैठक

आमच्या घरात उन्हाळा आला हे आधी कानाला कळायचं. लग्नसराई सुरू झाली की परसातल्या पत्र्याच्या शेडमधून दिवस उजाडतानाच करवतीचा आवाज यायला लागायचा. लाकडावरची करवत कुरकुरते, बर्फावरची सुस्कारे टाकते. मग छिन्नीची टकटक, मग जरा वेळ काहीच नाही, म्हणजे अप्पा मागं सरून डोळे बारीक करून बघतायत, आणि मग पुन्हा टकटक. या सगळ्याच्या खाली थेंबांचा आवाज दिवसभर चालू. शेडमध्ये मांडलेल्या घमेल्यांत बर्फाचं पाणी गळत असायचं. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की पावसाळ्यात शेड रिकामी पडली की माझं अभ्यासात लक्ष लागायचं नाही. लोकांच्या पोरी रेडिओ लावून अभ्यास करायच्या, मला गळका बाप लागायचा, असं अव्वा, माझी आई, म्हणायची.

आम्ही गडमुडशिंगीचे. अप्पा तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात साच्यातून लाद्या काढायच्या कामाला होते, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या सुतारमेटावर, सुतारांच्या कामाच्या जागी, बसून बसून त्यांचा हात छिन्नीवर बसला होता. राजारामपुरीतल्या एका मंडळाला गणपतीत बर्फाच्या पिंडीचा देखावा करायचा होता. लाद्या पोचवायला गेलेल्या अप्पांनी तिथली ओबडधोबड पिंडी बघितली आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी कुणाला न विचारता ती घासून सारखी केली. पार विसर्जनापर्यंत तिथं रांगा लागल्या. पुढच्या वर्षी मंगल कार्यालयवाले घर विचारत आले. कारखाना सुटला आणि अप्पा बर्फाची चित्रं करणारे झाले. पिंडी मागं पडली. लग्नात पिंडी कोण ठेवतो? लोकांना हंस पाहिजे असायचा. सदा न् कदा हंस. आमच्या रंकाळ्यावर बदकं आहेत, बगळे आहेत, पण राजहंस कुणी बघितलाय? अप्पांनीही बघितला नव्हता. एका लग्नपत्रिकेवरच्या चित्रावरून त्यांनी तो शिकून घेतला होता, त्यामुळं त्यांच्या सगळ्या हंसांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या असत. मला त्या पाखराचा मनापासून राग होता. वर्षाचे चांगले चार महिने आमचा बाप त्याच्या मानेत अडकलेला असायचा.

हंस कार्यालयात नेऊन मांडायचा, खाली फळं रचायची, कलिंगडाची कमळं कोरून ठेवायची, एकदा सगळीकडून फिरून बघायचं आणि न जेवता घरी यायचं, असा अप्पांचा नेम होता. आपण केलेली वस्तू विरघळताना त्यांना बघवत नसे. पाहुण्यांची पोरं आधी हंसाची चोच मोडतात, मग कुणीतरी त्याच्या पाठीवर सरबताचे ग्लास ठेवतो, हे त्यांना ऐकूनही नको असायचं. अव्वा चेष्टा करायची, "लेकीची पाठवणी केल्यागत तोंड चुकवून येत्यात बघ." मग त्यांच्यासमोर हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, माडगं, ठेवायची. गरमगरम माडग्याची वाटी दोन्ही हातांत धरून अप्पा बराच वेळ नुसते बसायचे. बोटं सैल झाली की मग प्यायचे. अव्वा सीमेपलीकडची, कन्नड घरातली. वाटी रिकामी झाली की ती म्हणायची, "ऊटा माड्री आता," म्हणजे जेवून घ्या. तिच्या तोंडात दोन्ही भाषा अशा मिसळलेल्या असत की शाळेत जाईपर्यंत मला कुठला शब्द कुठला ते माहीत नव्हतं.

अव्वाचा एकटीचा फोटो कधी निघाला नाही. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढून स्वयंपाकघरात पळायची. एकदा अप्पा कुठल्याशा नवरीचं नाव बर्फात कोरत होते तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, "जगाच्या बायका करताय, माजी कवा करनार?" अप्पांनी मान वर न करता सांगितलं होतं, "तू एका जाग्याला गप बसशील का तेवढा येळ?" ती हसली आणि कोंबड्यांसारखं काहीतरी हाकलायला अंगणात गेली. आमच्याकडं कोंबड्या नव्हत्या. ती तशी होती, बसणं तिला जमायचंच नाही.

आता आमच्यातल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत, जाळतही नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळावरून पट्टी घेऊन ती वर खिळ्याला बांधतात, डाव्या हातात इष्टलिंग देतात. बसलेलंच सजवलेल्या, पालखीसारख्या विमानातून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. पूजेला बसल्यासारखं माणूस जातं. पण हे अंग ताठायच्या आत करावं लागतं. अव्वाची थोरली बहीण, आमची दोड्डव्वा, तिच्या गावी भर उन्हाळ्यात गेली. मुलगा लांब, त्याला यायला वेळ लागणार, म्हणून घाबरलेल्या लोकांनी तिला बर्फाच्या लाद्यांवर आडवीच ठेवली. मुलगा आल्यावर बसवायला घेतली तर ती वाकेना. बायकांना बाहेर काढून दार लावून घेतलं. मी आणि अव्वा भिंतीच्या अलीकडं होतो. आतून जो आवाज आला तो मी इथं लिहिणार नाही. अव्वानं माझे कान झाकले, तिचे तिला झाकता आले नाहीत. घरी आल्यावर ती बरेच दिवस उठता बसता आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहायची.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला अव्वाचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग हिंग, मग राजारामपुरीतला दवाखाना. डॉक्टरांनी अप्पांना बाहेर बोलावलं आणि मला आतच थांबवलं, तेव्हाच मला काय ते समजलं. परत येताना रिक्षात अव्वाच आम्हाला समजावत होती की बाजारात आंबा आलाय, उतरून घेऊया. माझा भाऊ, अण्णा, तेव्हा सैन्यात होता, पार वरती, जिथं बाराही महिने बर्फ. चहा कपात गोठतो असं त्यानं कळवल्यावर अव्वा म्हणाली होती, "तुज्या बापाला तकडं बोलावून घे, लादी फुकट मिळंल." आता एसटीडी बूथवरून त्याच्या तुकडीला निरोप गेला. तो निघाला होता, पण वरून खाली यायची वाट मोकळी व्हायची होती.

एके दिवशी दुपारी तिनं अप्पांना जवळ बसवलं. मी तिच्या पायांशी होते. तिचं बोलणं स्वच्छ होतं.

"अण्णानं माजं तोंड बगितल्याबिगर उचलू नगा."

"न्हाय उचलणार."

"आन् मला आडवी ठिऊ नगा. मला मोडून बसवू नगा."

उन्हाळ्यात माणूस दिवसभरही ठेवता येत नाही, बसलेलं तर नाहीच, हे अप्पांना कुणी सांगायला नको होतं. बर्फ त्यांच्याइतका आमच्या घरात कोण ओळखत होतं? तरी ते "व्हय" म्हणाले. बाहेर येऊन शेडच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "निलू, तुज्या आईनं आयुष्यात कवा काय मागितलं न्हाय. आन् आता मागितलं ते हे." त्यांना राग आला होता. कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

त्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका कार्यालयात मोठं लग्न होतं. साधा हंस त्यांना नको होता. नवरा-नवरी मागं उभी राहिली की हंसावर बसल्यासारखी फोटोत दिसावीत एवढा मोठा पाहिजे होता. अप्पांनी लाद्यांना पाणी शिंपडून एकमेकींवर दाबून जोडून शेडमध्ये केवढातरी बर्फ उभा केला होता. पंख झाले होते, पाठ झाली होती, मानेचं काम चालू होतं. काम सोडा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि अव्वालाच ती टकटक ऐकू यायला हवी असायची. थांबली की डोळे उघडून दाराकडं बघायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. दुसरा चमचा ओठांच्या कडेनं खाली आला. मी हाक मारली, हलवलं, आणि मग शेडमध्ये गेले. मला काही बोलावं लागलं नाही. अप्पांनी छिन्नी गोणपाटावर ठेवली, आत येऊन तिच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाले, "अजून अंग ऊन हाय. बायकांस्नी बोलीव, लगीच मांडी घालून बसवा. मागनं करवत घिऊन ये."

गल्ली गोळा झाली. अप्पांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, आले. तात्या रीतीला धरून चालणारे, पण घाबरट. आधी त्यांनी संध्याकाळच्या आत उरकून घ्या म्हणून सांगितलं. अण्णाची वाट बघायची म्हटल्यावर म्हणाले, "मग लादीवर आडवी ठेवा. सगळी ठेवत्यात, तशी पद्धत हाय."

"आपली पद्धत बसायची हाय, तात्या," अप्पा म्हणाले. "आडवं ठेवायची न्हवं."

"आन् बसवून कशावर ठेवणार?"

अप्पांनी शेडकडं बोट केलं. तात्यांना कळायला वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "अरं, लग्नाचा हंस हाय त्यो. आज त्येंच्या दारात मांडव हाय. मयताला वापरलास तर पुन्हा कोन बोलीवणार न्हाय तुला."

"हंस नसला तरी लगीन हुतंय," अप्पा म्हणाले आणि शेडमध्ये गेले.

आत गेल्यावर मात्र त्यांचा हात चालेना. करवत मानेला लावली आणि तशीच धरून उभे राहिले. त्यांनी करवत माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "मान तू काप." मी कापली. ज्या पाखराचा मला एवढा राग होता त्याची मान कापताना मला आनंद होईल असं कधीकाळी वाटलं असतं. मला फक्त वाटत होतं की हे लवकर संपू दे. मान खाली पडून भुशात घरंगळली. त्यानंतर अप्पांचे हात सुरू झाले ते थांबले नाहीत. हंसाची पाठ त्यांनी आत कोरत नेली. दोन पंख होते ते दोन्ही बाजूंनी हात टेकायला राहिले. मध्येच ते आत जायचे, भिंतीला टेकून बसवलेल्या अव्वाच्या मांडीची रुंदी वितीनं मोजायचे, पाठीचा बाक तळहातानं चाचपायचे आणि परत येऊन तेवढंच कोरायचे. मी मापं लक्षात ठेवत होते आणि चुरा बाहेर काढत होते. माझी बोटं बधिर झाली होती, त्यामुळं डोळे पुसले तरी रडू येतंय का नाही तेही कळत नव्हतं.

गल्लीतल्या माणसांनी दोरखंड लावून, खाली लोखंडी नळ्या सरकवत ते सगळं घराच्या पुढच्या सोप्यात आणलं. कोरलेल्या जागेत केळीची पानं घातली, त्यावर कोरडं गोणपाट, आणि अव्वाला उचलून त्यात बसवलं. ती बरोब्बर बसली. अप्पांनी कपाळाची पट्टी बांधली, डाव्या हातात लिंग ठेवलं. मठातले अय्या, आमचे जंगम गुरू, आले होते. बर्फाकडं आणि अप्पांकडं बघून ते म्हणाले, "आपल्यात मेल्याचं सुतक नसतंय. हातात घेतलायस तर नीट कर."

दुपारी कार्यालयाचा मॅनेजर मोटारसायकलवरून आला. टेम्पो आला नाही म्हणून तो तणतणतच अंगणात शिरला होता. सोप्याच्या दारात आला आणि त्याला पंख दिसले. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि तसाच मागं फिरला. माणूस वाईट नव्हता. पण बाहेर गप्प राहणं त्याला जमलं नसावं. तात्या म्हणाले होते तसंच झालं. त्या दिवसानंतर एकाही कार्यालयानं अप्पांना बोलावलं नाही. लग्नाच्या जेवणात मयताचा हात नको, असं एकानं तोंडावर सांगितलं. सुतक नसणाऱ्या धर्मातल्या लोकांनीही तेच केलं. उलट सीमेकडच्या गावांतून काही घरची माणसं आली, आमच्याही म्हाताऱ्याला अशी बैठक करा म्हणून. अप्पांनी सगळ्यांना नाही म्हटलं आणि पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरायला लागले. तिथून ते हात भाजून घेऊन यायचे. आता शवपेट्या निघाल्यात, काचेच्या, विजेवर चालणाऱ्या. फोन केला की दारात येते. तीत माणूस आडवंच ठेवतात. परवा आमच्या नात्यातल्या एका घरी मी ती बघितली आणि तिथून लगेच निघून आले. घरच्यांना वाटलं माझं वय झालं, सोसत नाही.

अण्णाला यायला लागले तेवढे दिवस आमचं घर थंड होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, माणसं घाम पुसत यायची आणि सोप्यात आली की अंग चोरून बसायची. खिडक्यांना ओली पोती लावली होती. कारखान्यातून नव्या लाद्या यायच्या, अप्पा त्या पाठीमागून आणि बुडाशी भरायचे, फटी चुऱ्यानं लिंपायचे. थेंबांचा आवाज शेडमधून घरात आला होता. भजन थांबलं की तो ऐकू यायचा आणि बायका पुन्हा भजन सुरू करायच्या. ओलीनं कपाळावरची विभूती सारखी ओघळायची, मी ती पुसून पुन्हा लावायचे. तिची नखं निळी पडली, मग काळपट. मी पदरानं तिचे हात झाकत होते. चेहरा मात्र टिकला. मी माडगं केलं, त्यात गुठळ्या झाल्या. अप्पा वाटी धरून तिच्यासमोर बसले. त्यांची बोटं फाटून रक्त आलं होतं. वाटीतलं संपल्यावर ते कुणी काही म्हणतंय का याची वाट बघत थोडा वेळ बसून राहिले.

अण्णा आला तो ओळखूच येईना. चेहरा बर्फानं भाजून काळा झालेला, पाठीवर ती मोठी पिशवी. त्यानं आधी बर्फाला हात लावला. वरती काय बघितलं होतं त्यानं, कोण जाणे, पण एवढा मोठा गडी त्या पंखाला हात लावून खाली बसला. मग सरकत पुढं आला आणि तिच्या मांडीपाशी डोकं टेकून म्हणाला, "अव्वा, आलो गं." अप्पा त्याच्या मागं उभे होते. ते म्हणाले, "बग नीट. तुज्यासाटी थांबलीय." आणि तेव्हा कुठं ते रडले, मोठ्यानं, लहान पोरासारखे, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

विमानात बसवताना तिला काहीच करावं लागलं नाही. मातीत उतरवतानाही नाही. खड्ड्याच्या कोनाड्यात ती जशी होती तशीच बसली. अय्यांनी वर बघून अप्पांना सांगितलं, "मांडी कुनी घालून दिल्यागत वाटत न्हाय. आपसूक बसलीय." मग बेल, विभूती, मीठ आणि माती.

परत आलो तेव्हा बायका घर धुवायच्या तयारीत होत्या आणि तात्या पहार घेऊन सोप्यात उभे होते. दिवस मावळायच्या आत ती बर्फाची बैठक फोडून बाहेर टाकायची होती. अप्पांनी त्यांच्या हातातून पहार घेतली आणि भिंतीला लावून ठेवली. मग गोणपाट काढलं, खालची काळी पडलेली पानं एकेक करून काढली आणि बाजूला झाले.

आत अव्वा होती. म्हणजे अव्वा नव्हती, ती जिथं बसली होती ती जागा होती. एवढ्या वेळात तिच्या भारानं आणि तिच्या अंगाच्या आकारानं बर्फ आत गेला होता. अप्पांनी कोरलं होतं ते राहिलंच नव्हतं. पाठीचा बाक होता, एका बाजूला झुकणारा, कारण तिची कंबर दुखायची. वर अंबाड्याचा गोल खळगा होता. डाव्या बाजूला कोपराची खोलगट जागा होती. मी तिथं माझं कोपर ठेवून बघितलं. आणि खाली, मांडीच्या दोन्ही टोकांना, दोन गुडघे. अण्णानं विचारलं, फोटोवाल्याला बोलावू का. अप्पा नको म्हणाले.

ते समोर पाटावर बसले. आपण केलेली वस्तू विरघळताना कधी न बघणारे माझे वडील तिथून हलले नाहीत. तात्या बोलून थकले आणि गेले, बायकांनी बाकीचं घर धुतलं. मी शेजारी बसले, पलीकडं अण्णा. आधी अंबाडा गेला. मग खांदे पुसट झाले, पाठ पातळ होऊन मधून उजेड दिसायला लागला आणि ती खाली बसली. पाणी उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून गटारीत जात होतं, आणि कुणी ते अडवलं नाही. बूड जाड होतं, ते राहिलं. गुडघ्यांच्या दोन जागा सगळ्यांत शेवटी गेल्या. अप्पांनी पुढं वाकून त्या दोन्हींत एकेक हात ठेवला, चाचपून बघितलं आणि मला म्हणाले, "बग निलू. कुटं मोडलेलं न्हाय."